तीसपैकी आठ

बोरखडी तांड्यातल्या एकशे अकरा स्त्रियांच्या रक्ताचे निकाल ध्वनिक्षेपकावरून वाचून दाखवावेत, ही कल्पना मूळ कोणाची, हे आता कोणी सांगत नाही. ज्या कल्पनेचे श्रेय घ्यायला कोणी पुढे येत नाही ती बहुधा भगवानरावांची असते, एवढे अनुमान उमरखेड तालुक्यात सर्वमान्य आहे.

भगवानराव हे माजी जिल्हा परिषद सदस्य. 'माजी' हे विशेषण त्यांना कपड्यात अडकलेल्या कुसळासारखे टोचत असे, आणि ते उपटून टाकण्यासाठी दोन वर्षांपासून ते शिबिरे भरवीत होते. डोळ्यांचे झाले, दातांचे झाले, यंदा दिवाळीच्या आधी त्यांनी स्त्रियांच्या रक्ताला हात घातला. बाहेरगावच्या एका खासगी प्रयोगशाळेशी बोलणे झाले आणि 'अखंड सौभाग्य आरोग्य पॅकेज' तांड्यात अवतरले. बाईची प्रकृती तिच्या नवऱ्याच्या आयुष्याच्या मापाने मोजण्याची चाल आपल्याकडे जुनीच आहे. नवे होते ते पॅकेज. त्यात चौसष्ट तपासण्या होत्या. कलाही चौसष्टच असल्याने हा आकडा शास्त्रशुद्ध वाटतो. चौसष्टाव्या ओळीत लाल शाईने छापले होते : 'सीए १५-३ : स्तनाच्या कॅन्सरचे निदान, एका थेंबात.'

हे वाक्य असत्य होते. सीए १५-३ हे रक्तातल्या एका प्रथिनाचे मोजमाप. ज्या बाईला स्तनाचा कॅन्सर असल्याचे आधीच ठरले आहे, विशेषतः तो पसरला आहे, तिला औषध लागू पडते आहे की नाही हे पाहायला डॉक्टर या आकड्याची मदत घेतात. धडधाकट बाईत कॅन्सर शोधण्याचे ते साधन नव्हे. रोग कोवळा असताना हा आकडा बहुतेकदा शहाण्यासारखा खालीच बसून राहतो. उलट यकृत बिघडले किंवा स्तनात साधी, निरुपद्रवी गाठ असली, तर कॅन्सर नसतानाही वर चढतो. न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्याच महिन्यात शिकवतात की धुरावरून अग्नीचे अनुमान करावे, परंतु धूर नाही म्हणून अग्नी नाही असे म्हणू नये. लाल तापलेल्या लोखंडी गोळ्याला धूर नसतो. पत्रक छापणाऱ्याला हे ठाऊक नव्हते असे मानणे ही त्याच्यावर कृपा होईल. ठाऊक होते असे मानणे हा न्याय होईल.

असो. उद्घाटन.

फीत कोणीही कापतो, दीप कोणीही लावतो. भगवानरावांना फोटो वेगळा हवा होता. ते समाजमंदिरातल्या खुर्चीत बसले, खादीची बाही कोपरापर्यंत सारली आणि म्हणाले, "पयलं रगत मायं घ्या. लोकाईले भ्या वाटाले नोको."

फोटोग्राफर रजत गुडघ्यावर बसला होता. "साहेब, नळी रिकामी दिसून राह्यली. भरू द्या थोडी. लाल दिसलं पाह्यजे."

नळी भरली. रक्त काढणाऱ्या माणसाचा हात मात्र सवयीचा गुलाम होता. भरलेल्या पहिल्या नळीवर त्याने पहिले चिकटपत्र, शून्य शून्य एक, डकवले, फोटो निघाला तो त्या चिकटपत्रासकट, आणि मग त्याने नळी ट्रेमध्ये उभी केली. यादीत त्या क्रमांकासमोर नाव होते : भुरीबाई सेवादास राठोड. ती सकाळी सातपासून रांगेत पहिली बसली होती.

तिची पाळी आली तेव्हा त्या माणसाने संगणकात पाहिले. "बाई, तुमचं झालं."

"कुठी झालं? सुई त लागलीच नाई."

"याच्यात झालं दाखवून राह्यलं. चला, मांगं लाइन हाय."

भुरीबाईने आपल्या दंडाकडे पाहिले, मग संगणकाकडे पाहिले. तिच्या आईला निराधार योजनेच्या पगारासाठी दरवर्षी आपण जिवंत असल्याचा दाखला जोडावा लागे. शरीर आणि कागद यांच्यात तंटा झाला तर निकाल कोणाच्या बाजूने लागतो, हे तिला लहानपणापासून माहीत होते. ती उठली आणि घरी गेली.

आठ दिवसांनी निकाल आले. भगवानरावांचा पुतण्या अमर ध्वनिक्षेपकासमोर उभा राहिला. प्रत्येक कागदाच्या तळाशी चौसष्टावी तपासणी, तिचा आकडा आणि पुढे छापलेले 'संदर्भ : ० ते ३०.' अमरने दहावी तीन खेपांत ओलांडलेली असल्यामुळे या मांडणीचा अर्थ त्याला क्षणात उमगला. तीसपैकी गुण होते ते.

"नंदाबाई आडे, तीसपैकी एकोणीस!" टाळ्या. "जया पवार, तीसपैकी सव्वीस!" मोठ्या टाळ्या. "हंसाबाई देवसिंग राठोड..." अमर चाचरला. "तीसपैकी आठ पूर्णांक चार."

तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख, देवसिंग पहिल्या रांगेत बसले होते. नायकाची बायको नापास. त्यांनी पागोटे सारखे केले आणि छपराकडे पाहिले.

"आन भुरीबाई सेवादास राठोड," अमरचा आवाज चढला, "सत्तेचाळीस पूर्णांक दोन! तीसपैकी सत्तेचाळीस!"

समाजमंदिर दणाणले. पैकीच्या पैकी गुण ऐकले होते; पैकीच्या वर कोणी ऐकले नव्हते. देवसिंगांचा धाकटा भाऊ सेवादास, जो थोरल्या भावासमोर उभा राहिला की त्याच्या वाक्यातले क्रियापद गळून पडे, तो त्या दिवशी खुर्चीवर चढून टाळ्या वाजवीत होता. भुरीबाई पदराआड हसत होती. न दिलेल्या रक्ताला पहिला नंबर, हा विनोद तिला एकटीलाच कळत होता.

तेवढ्यात मागून पायल मुनेश्वर उठली. ती तांड्याच्या आरोग्य उपकेंद्राची अधिकारी. तिला या शिबिराला कोणी बोलावले नव्हते, पण दारातून हाकलणेही बरे दिसले नसते.

"थांबा," ती म्हणाली. "हे मार्क नाहीत. हा आकडा जास्त येणं चांगलं नसतं. आणि मुळात..."

त्या 'मुळात'च्या पुढे सगळे शास्त्र उभे होते. परंतु भगवानरावांनी अमरच्या हातातला ध्वनिक्षेपक आपल्याकडे ओढला. "ऐकलं न? मॅडम म्हनते का कमी असलं त चांगलं! मंग पयला नंबर कोनाचा? हंसाबाईचा!"

पायलला परीक्षाच रद्द करायची होती. तिच्या हातून फक्त गुणपत्रिका उलटी झाली.

सात मिनिटांपूर्वी नापास झालेली हंसाबाई तांड्यात पहिली आली. नायकाचे पागोटे खाली उतरले. सेवादास खुर्चीवरून उतरला. आणि भुरीबाईच्या शेजारी बसलेल्या दोन बायका नकळत हातभर सरकल्या, जणू आकडा उडी मारतो.

आठवड्याच्या आत चौकात दहा फुटांचा फ्लेक्स लागला. त्यावर रक्त देणारे भगवानराव, हातभर लांबीच्या नळीसह. कोपऱ्यात गोल चौकटीत हंसाबाई आणि खाली 'निरोगी नारी, बोरखडी तांड्यातून प्रथम.' जाहीर सत्कार तीन आठवड्यांनी ठरला, कारण भगवानरावांना जाकीट शिवायचे होते.

आता त्या प्रथम आलेल्या बाईविषयी.

हंसाबाईच्या डाव्या स्तनात गाठ होती. बोराच्या आकाराची, कडक, न दुखणारी. ही गोष्ट तिघींना माहीत होती : तिला स्वतःला, तिची धाकटी जाऊ भुरीबाई हिला, कारण दोघी एकाच न्हाणीत पाठी घासून घेत, आणि पायलला, कारण भुरीबाईनेच तिला श्रावणात ओढत उपकेंद्रात नेले होते. पायलने हाताने तपासले आणि यवतमाळच्या मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी लिहून दिली. सोनोग्राफी, गरज पडली तर सुईने तुकडा काढून तपासणी. देवसिंगांनी चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि म्हणाले, "सोयाबीन निंगू दे." सोयाबीन निघाले. मग म्हणाले, "शिबिर होऊन जाऊ दे." शिबिर झाले, आणि आता घरात सरकारी चिठ्ठीपेक्षा वजनदार कागद आला होता. तो देवसिंगांनी प्लॅस्टिकात बसवून भिंतीवर टांगला. चिठ्ठी त्याच्यामागे गेली.

"यवतमाळले कायले?" ते म्हणाले. "साऱ्या तांड्यात तुयं रगत पयलं आलं. चौकात फोटो लागला. आता नायकाची बायको दवाखान्यात दिसली त लोक काय म्हनतीन? नंबर फुकट देल्ला म्हनतीन."

हंसाबाईला जायचे होते आणि जायचे नव्हते. गाठीला हात लागला की तिला भीती वाटे; मग ती भिंतीवरच्या आठ पूर्णांक चारकडे पाही आणि भीती थोडी उतरे. पहिल्या नंबरचा आणखी एक लाभ तिला मिळाला. ती सर्वांत निरोगी ठरल्यामुळे कापूस वेचायला तिला दोन ओळींऐवजी तीन देण्यात आल्या.

भुरीबाईच्या घरी याच्या नेमके उलट चालले होते. सत्तेचाळीसवाली म्हणून तिला मरणपंथाला लावण्यात आले, आणि हा पंथ तिला अतिशय आवडला. वेचणी बंद. पाणी भरणे बंद. सेवादास सकाळी दोन अंडी उकडून आणू लागला. नंदाबाई, जिने सहा वर्षांपूर्वी नेलेली चाळणी परत केली नव्हती, ती रडत रडत चाळणी घेऊन आली. भुरीबाई खाटेवर लोळत, कोणी डोकावले की अशक्त हात हलवी, आणि दार लागले की अंड्याला मीठ लावी.

पंधराव्या दिवशी पायल औषधाच्या गोळ्या घेऊन येते म्हणाली, तर भुरीबाई स्वतःच उपकेंद्रात जाऊन बसली. खाटेवर लोळून तिची कंबर धरली होती.

पायलने तिचा अहवाल पहिल्यांदाच पूर्ण वाचला. वाचता वाचता तिच्या भुवया वर गेल्या.

"भुरीबाई, तुमचं हिमोग्लोबिन पंधरा पूर्णांक नऊ लिहिलंय. माझ्या रजिस्टरात गेल्या महिन्यात आठ पूर्णांक सात आहे. लोहाच्या गोळ्या खाता का सळई?"

"मॅडम, एक खरं सांगू? मी रगत देल्लंच नाई."

"काय?"

"सुईच लागली नाई. कॉम्प्युटरानं सांगतलं का झालं, म्हून झालं."

"मग पंधरा दिवस चूप काहून बसल्या तुम्ही?"

भुरीबाईने पदराचे टोक बोटाला गुंडाळले. "लगन होऊन सव्वीस वर्सं झाली. पयल्यांदा कोनी इचारलं, का चहात साखर किती टाकू. मले वाटलं, दोनक मयने चालू दे."

पायल हसू दाबीत म्हणाली, "तुमच्या आधी त्या खुर्चीवर कोण बसलं होतं?"

उत्तर द्यायची गरज पडली नाही. उपकेंद्राच्या खिडकीतून चौक दिसतो. चौकात फ्लेक्स दिसतो. फ्लेक्सवर नळी होती, नळीवर चिकटपत्र होते, आणि भगवानरावांच्या हौसेमुळे चिकटपत्र भाकरीएवढे मोठे झालेले होते : शून्य शून्य एक. भुरीबाईने अहवाल उलटा-सुलटा करून वरचा कोपरा पाहिला. नमुना क्रमांक शून्य शून्य एक.

मग भुरीबाई इतकी हसली की मरणपंथाचे सगळे पुण्य एका दमात खर्च झाले.

"म्हंजे साहेबाले..." तिने छातीवर हात ठेवला.

"नाही, नाही. या आकड्यावरून तसं म्हणताच येत नाही. हा दुसऱ्याही कारणांनी चढतो. कारण डॉक्टरच शोधतील. आणि नाव मी घेणार नाही, माझं काम तसं आहे."

"तुमी नोका घेऊ. कागद माया नावाचा हाय." भुरीबाई हसता हसता थांबली. तिचे डोळे अजून फ्लेक्सवरच होते, पण आता कोपऱ्यातल्या गोल चौकटीवर. "मॅडम, सत्तेचाळीस येऊन काई ठरत नसन... त आमच्या बाईचं आठ येऊन काय ठरते?"

"काही नाही," पायल म्हणाली. "माझ्या चिठ्ठीचं काय झालं?"

"भितीवर हाय. कागदाच्या मांगं."

त्या क्षणी भुरीबाईने आपल्या अंड्यांवर पाणी सोडले. हे वाक्य हलके वाटेल. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मिळालेली अंडी होती ती.

अडचण एवढीच होती की ऐकायचे होते देवसिंगांनी, आणि भुरीबाई त्यांच्याशी बोलू शकत नव्हती. ते तिचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. भासऱ्यासमोर पदर तोंडावर घ्यायचा आणि शब्द काढायचा नाही, हा रिवाज तिने लग्नाच्या दिवसापासून पाळला होता. घराला आग लागली असती तरी तिने आधी सेवादासला शोधले असते. सेवादासला तिने सांगून पाहिले. तो थोरल्या भावापुढे गेला, "दादा, ते वहिनीले यवतमाळ..." म्हणाला, आणि क्रियापद शोधत परत आला. हंसाबाईला सांगितले तर ती म्हणाली, "तू सांग न त्याईले," आणि दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या.

पायल स्वतः गेली. देवसिंगांनी तिला आदराने चहा पाजला आणि भिंतीवरचा कागद दाखवला.

मग सत्काराचा दिवस आला.

चौकात मांडव, हार, नवे जाकीट. मंचावर भगवानराव, शेजारी नायक देवसिंग, खाली हंसाबाई शाल-नारळासाठी सज्ज. कार्यक्रमपत्रिकेत दुसरा मुद्दा होता 'दुर्दैवी भगिनी भुरीबाईंना धीर.' दुर्दैवी भगिनीने मंचावर यावे, हात जोडावे आणि 'साहेबांमुळे वेळीच कळले' असे एक वाक्य बोलावे, अशी योजना होती. शाल पांघरून झाली, नारळ देऊन झाला. अमरने भुरीबाईपुढे ध्वनिक्षेपक धरला. तिने तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि पदर हनुवटीपर्यंत ओढला.

"मंचावर माये भासरे बसले हायेत," ती म्हणाली. "मी त्याईच्यासंग बोलून नाई राह्यली. मी या भोंग्यासंग बोलून राह्यली. भोंग्याले कोनतं नातं नसते."

मांडवात खसखस पिकली. देवसिंगांना समजेना की उठावे की बसावे. रिवाज मोडला असता तर ते उठले असते; परंतु रिवाज अक्षरशः पाळला जात होता.

"त भोंग्या, आइक. माया कागद साहेबाईनं सर्वाईसमोर वाचला होता, पर अर्धाच वाचला. आज मी पुरा वाचतो." हातातल्या कागदावर नजर ठेवून तिने सावकाश सुरुवात केली. पायलने दोन दिवस तिची तयारी करून घेतली होती. "नाव, भुरीबाई सेवादास राठोड. हिमोग्लोबिन, पंधरा पूर्णांक नऊ. मॅडम, मायं किती असते? सांगा, मीच इचारून राह्यली."

"आठ पूर्णांक सात," पायल खालून म्हणाली.

"मंग हे कोन्या पयलवानाचं हाय? पुढं आइक. लिव्हरचा आकडा, एकशे बेचाळीस. तो चाळीसच्या आत पाह्यजे असं लिवलं हाय. भोंग्या, लिव्हर कायनं खराब होते, हे मी नाई सांगत. बार कुठी हाय ते तुले मालूम."

"बसा आता, भुरीबाई," भगवानराव हसत म्हणाले. हसू ओठांपुरतेच होते.

"बसतो साहेब, एकच ओळ राह्यली. कॅन्सरचा आकडा सत्तेचाळीस पूर्णांक दोन. नमुना क्रमांक शून्य शून्य एक. आता सारे जन मांगं पाहा. फोटोतल्या नळीवर काय लिवलं हाय ते वाचा."

दोनशे माना एकदम वळल्या. फ्लेक्स तिथेच होता. तीन आठवडे तो सर्वांना दिसत होता आणि कोणीच वाचला नव्हता, जशी बहुतेक फ्लेक्सांची नियती असते. आधी एक बाई हसली. मग नंदाबाई. मग सरकून बसलेल्या त्या दोघी. शेवटी मांडवाचे खांब हलायला लागले.

भगवानरावांनी मान वर करून समोरच्या आपल्या दहा फुटी दंडाकडे पाहिले. त्यांचा चेहरा हळूहळू जाकिटाच्या अस्तरासारखा पांढरा पडला. "मले?" ते पायलला म्हणाले. "मले बायकाईचा आजार?"

"साहेब, तो पुरुषांनाही होतो, पण क्वचित," पायल मंचाजवळ येत म्हणाली. मंचावरच्या दुसऱ्या ध्वनिक्षेपकाने तिचे शब्द आपसूक टिपले. "पण या आकड्यावरून तुम्हाला तो आहे, असं म्हणता येत नाही. ही तपासणी कॅन्सर शोधायची नाहीच. लिव्हर बिघडल्यावरही आकडा चढतो. घाबरू नका, डॉक्टरांना दाखवा."

जे वाक्य तीन आठवड्यांत एकशे दहा बायकांच्या कानांपर्यंत पोहोचू दिले गेले नव्हते, ते एका पुरुषाला अर्ध्या मिनिटात मिळाले. या खेपेला ध्वनिक्षेपक कोणी ओढून घेतला नाही. भगवानरावांनाच ते शेवटपर्यंत ऐकायचे होते.

हशा ओसरत असताना हंसाबाई बोलली. तिच्या हातात अजून नारळ होता.

"मॅडम, मंग मायं आठ?"

"हंसाबाई," पायल म्हणाली, "ते आपण दोघी खोलीत बसून बोलू. इथं नाही."

तिचे निकाल ज्या तांड्यात ओरडून वाचले गेले, त्याच तांड्यात कोणीतरी पहिल्यांदा तिच्यासाठी आवाज खाली केला होता. हंसाबाईला तेवढे उत्तर पुरले. तिने नारळ टेबलावर ठेवला, शाल काढून त्याच्यावर घडी करून ठेवली आणि उपकेंद्राकडे चालू लागली. भुरीबाई तिच्या मागे निघाली. भोंगा तिने देवसिंगांच्या मांडीवर ठेवला.

तरीही देवसिंग नायक एका दिवसात वळणारे नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते वावरात गेले. बोंडअळीचे दिवस होते; एकरी वीस हिरवी बोंडे तोडून, फोडून पाहायचा त्यांचा नेम होता. हंसाबाई हातात कामगंध सापळा घेऊन बांधावर आली. हा सापळा म्हणजे काठीला लावलेली प्लॅस्टिकची पिशवी. तिच्यातल्या वासाला अळीचे नर पतंग येतात आणि अडकतात. पिशवी रिकामी होती.

"साहेबाचं रगत चुकीच्या नावानं गेलं," देवसिंग तिच्याकडे न पाहता म्हणाले. "तुयं त तुयंच होतं न? तुयं बरोबर हाय."

"बरोबरच हाय. हे पाहा, सापळा बी बरोबर हाय. मंगळवारपासून एक पतंग नाई."

"मंग?"

"मंग बोंडं कायले फोडून राह्यले?"

देवसिंगांच्या हातात बोंड होते. ते त्यांनी सवयीने दाबले, तसे ते उकलले. आत, पांढऱ्या ओल्या रुईत, गुलाबी अळी आपल्या कामात होती.

हंसाबाईने सापळा त्यांच्या हातात दिला आणि आपल्या डाव्या बाजूवर हात ठेवून उभी राहिली. देवसिंगांनी एकदा रिकाम्या पिशवीकडे पाहिले, एकदा बोंडाकडे. माणूस हट्टी होता. शेतकरी मात्र चांगला होता.

"गाडी कितीची हाय?" त्यांनी विचारले.

"साडेनऊची. भुरी थांब्यावर जाऊन बसली."

"तिले सांग..." ते थांबले. आयुष्यात प्रथमच त्यांना धाकट्या भावाच्या बायकोला काही सांगायचे होते आणि रिवाज आडवा येत होता. "सेवादासले सांग, का तिले सांगजो... का भोंगा भेटला."

घरी जाऊन त्यांनी भिंतीवरचा कागद उचकटला. मागची चिठ्ठी काढून हंसाबाईला दिली. मग चौकात जाऊन फ्लेक्स उतरवला. तो आता शेळ्यांच्या कोठ्यावर आहे, छापील बाजू खाली करून. भगवानरावांच्या दंडाखाली चार शेळ्या रवंथ करतात.

यवतमाळला गाठ मोजली : पावणेदोन सेंटिमीटर. सुईने तुकडा काढला. आठवड्याने आलेल्या अहवालात गुण नव्हते, शब्द होते. कॅन्सर होता. काखेत पसरलेला दिसत नव्हता. शस्त्रक्रिया लगेच करायची होती, आणि डॉक्टरीण बाईंनी हंसाबाईला समोर बसवून, कागदावर चित्र काढून, सगळे सांगितले. हंसाबाई रडली. मग तिने विचारले, "ते रगताचं पंधरा-तीन पुन्हा करावं लागन का?" डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "आता त्याची गरज नाही. पुढे कधी लागली, तर मी सांगीन कशासाठी करायची ते." तपासणीला तिची जागा मिळाली.

शस्त्रक्रियेनंतर टाके दाखवायला दोघी जावा गेल्या, त्या दिवशी बाह्यरुग्ण विभागाच्या लांब बाकावर त्यांना एक ओळखीचे जाकीट दिसले. आत भगवानराव होते. मांडीवर फाइल, तोंडापुढे वर्तमानपत्र, तेही उलटे. यकृताच्या डॉक्टरांकडे त्यांची तिसरी खेप होती. छातीत काही निघाले नव्हते, आणि दारू बंद करायला सांगितले होते.

हंसाबाईने भुरीबाईचा हात दाबला. "चूप राह्य वं. बिमार मानूस हाय."

"मी कुठी काई म्हनून राह्यली?" भुरीबाई म्हणाली. ती जाऊन बाकाच्या टोकाला बसली. भगवानरावांनी वर्तमानपत्र आणखी वर केले. मग, बहुधा मंचाची सवय म्हणून, लपून राहणे त्यांना झेपले नाही. त्यांनी हंसाबाईकडे पाहिले, बाकावर सरकून तिला जागा करून दिली आणि खालच्या आवाजात विचारले, "कसं हाय बाई आता?"

"बरं हाय साहेब. वेळेवर सापडलं. तुमचं?"

भगवानरावांनी इकडेतिकडे पाहिले. रांगेत पन्नास माणसे होती. ते भुरीबाईकडे झुकले आणि जवळजवळ पुटपुटले, "एकशे बेचाळीस होते. आता अठ्ठ्याऐंशी आले."

भुरीबाईने पदर सावरला, आणि तो सगळा लांब व्हरांडा ऐकेल अशा आवाजात, अत्यंत काळजीने विचारले :

"कितीपैकी, साहेब?"